कानांजवळचे बनारस

गाणे ऐकावयाचे ते समोर बसून, गाणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत, आणि जागा साधली की मोकळेपणी दाद देत, ही बनारसची जुनी रीत. त्या रीतीला अगदी उलट अशी एक बैठक आता तेथील काही घरांतून रात्री उशिरा भरते. श्रोता एकटा असतो. गाणारा समोर नसतो. पुष्कळदा तो हयातही नसतो. टेबलावर वीतभर लांबीची धातूची पेटी असते. तिच्या दर्शनी बाजूस आवाजाचे एक मोठे बटण आणि हेडफोन जोडण्याची खोबण, पाठीमागे संगणकाकडून आलेली एक तार. या पेटीला तिचे मालक ‘डॅक-ॲम्प’ म्हणतात. अंकांचे ध्वनिलहरींत रूपांतर करणारे यंत्र आणि हेडफोन चालविणारा ध्वनिवर्धक, अशी दोन यंत्रे तिच्या पोटात एकत्र नांदतात.

काशीसारख्या शहरात अशा पेटीची गरज का भासावी, हे तेथील गल्ली पाहिली की कळते. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे आहेत. तेथे एका घराची भिंत ती दुसऱ्या घराचीही भिंत, आणि गल्लीची रुंदी समोरासमोरून दोन माणसे जेमतेम जातील इतकी. अशा ठिकाणी रात्री अकराला मोठ्या कर्ण्यावर ठुमरी लावणे म्हणजे साऱ्या आळीला ती ऐकविणे होय. उलट बाजूने पाहावे तर पहाटेपासून देवळांच्या घंटा, नौकांची यंत्रे आणि वाहनांचे भोंगे ऐकणाऱ्याच्या खोलीत शिरतात ते वेगळेच. तेव्हा ध्वनी कानांपाशीच ठेवावा, हे ओघाने आले. पंचगंगा घाटाजवळच्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे शहनाईचा रियाज केला. त्या काळी आसपासच्या रहिवाशांना तो स्वर आपसूक ऐकू येत असेल. २००६ साली उस्ताद गेले. आता त्याच परिसरात त्यांची शहनाई ऐकावयाची तर अंकांच्या वाटेनेच ऐकावी लागते.

ही अंकांची वाट थोडी समजून घेणे आवश्यक आहे. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने जे माप रूढ केले त्याप्रमाणे ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मोजणी ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसविली जाते. तीन मिनिटांच्या एका गाण्यासाठी एका कानापुरते सुमारे ७९ लाख आकडे होतात. हे आकडे पाहून पुष्कळांची अशी समजूत होते की अंकीय ध्वनी हा जिन्यासारखा खाचाखाचांचा असला पाहिजे. तसे नाही. ठरावीक मर्यादेतील लहर पुरेशा वेळा मोजली असेल, तर तिची मूळची सलग वळणे त्या आकड्यांवरून पुन्हा उभी करता येतात. रूपांतरक नेमके तेच करतो. अर्थात हे काम प्रत्येक संगणकातही होतच असते. मग निराळी पेटी कशाला? संगणकाच्या पोटात विजेचा इतका गोंगाट चाललेला असतो की नाजूक लहर त्यात मळते, आणि त्यातला चिमुकला ध्वनिवर्धक जड हेडफोनपुढे धापा टाकतो, असे हे पेटी घेणारे सांगतात. बऱ्याच जुन्या संगणकांच्या बाबतीत ते खरे आहे. अलीकडच्या चांगल्या संगणकांच्या बाबतीत तितकेसे खरे नाही.

पेटी घरी आणणाऱ्याचा पहिला अनुभव बहुधा गाण्याचा नसतो, तो शांततेचा असतो. आलाप सुरू होण्यापूर्वी जी सूक्ष्म चरचर कानांच्या अंगवळणी पडली होती ती एकाएकी नाहीशी होते, आणि तंबोरा कोठून तरी दुरून न येता जवळच छेडला जातो आहे असे वाटते. काही घरांत मात्र या शांततेऐवजी एक गंभीर घुं-घुं पदरी पडते. नवा मालक पेटीला दोष देतो. ती परत करण्याची तयारी करतो. मग कोणीतरी जाणता त्याला संगणकाच्या चार्जरची पिन काढून पाहावयास सांगतो, आणि घुं-घुं तत्काळ थांबते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. जुन्या घरात जमिनीशी जोडणी नीट नसली, किंवा दोन यंत्रे दोन निरनिराळ्या वाटांनी जमिनीला जोडली गेली, की ही आवर्तने तारेतून ध्वनीत उतरतात. दोन्ही यंत्रे एकाच पट्टीवरून वीज घेऊ लागली की बहुतेक वेळा तक्रार मिटते. हजारो रुपयांच्या तारा विकत घेण्यापूर्वी हा फुकटचा प्रयोग करून पाहणे शहाणपणाचे.

दुसरा अनुभव बळाचा. हेडफोनचा विजेला होणारा विरोध ओहम या मापात मोजतात. साधे हेडफोन सोळा, बत्तीस ओहमचे असतात. पण जर्मनीच्या झेनहायझर कंपनीचे ‘एच. डी. ६००’ या नावाचे प्रसिद्ध हेडफोन तीनशे ओहमचे आहेत. भ्रमणध्वनीला जोडले तर ते वाजतात, पण खालचा बायाँ पोकळ वाटतो आणि समेवर जोर येत नाही. पेटीला जोडले की तोच बायाँ भरतो, आणि थाप व घुमारा वेगळे कळू लागतात. याच्या उलट, कानात बसणारे हलके हेडफोन पेटीच्या जोरकस खोबणीला लावले तर गाण्यामागे सतत खसखस ऐकू येते. पेट्यांवर जोर कमी-अधिक करण्याची एक कळ असते ती याचसाठी. एवढे बळ हाताशी आले की सावधगिरीही हवी. प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. आवाज वाढविला की मुदत झपाट्याने आखडते.

शहनाई ही अशा यंत्राची कठोर परीक्षक आहे. तिच्या दुपदरी पत्तीतून मूळ स्वराबरोबर वरच्या उपस्वरांची केवढी तरी गर्दी बाहेर पडते. यंत्र किंवा हेडफोन थोडा जरी तीक्ष्ण असला तरी तार सप्तकात ती कानाला टोचू लागते, आणि पाऊण तासात श्रोता हेडफोन उतरवून ठेवतो. ‘कान थकत नाही’ हे मालकांच्या अभिप्रायांतील सर्वांत विश्वासार्ह वाक्य म्हणावे लागेल, कारण ते एका क्षणाच्या चकचकाटावर आधारलेले नसते. बाकीची विशेषणे जरा जपूनच घ्यावीत. मखमली, पारदर्शक, दाणेदार, उबदार अशा शब्दांची या छंदात लयलूट असते. यांतले काही खरेच यंत्राचे गुण असतात. काही केवळ आवाजाच्या मोठेपणाचे. दोन यंत्रांपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असेल तर कान त्यालाच उजवे ठरवितो, आणि तो मोठेपणा जाणिवेच्याही खालचा असतो. म्हणून तुलना करणाऱ्याने दोन्हींचा आवाज मापकाने अगदी समान करून घ्यावा, आणि कोणते यंत्र वाजते आहे ते डोळ्यांना दिसू देऊ नये. इतकी खटपट घरी फार थोडे लोक करतात.

या विशेषणांची मौज २०२० साली फार छान उघड झाली. जपानातील नोबेओका येथे असाही कासेई कंपनीच्या कारखान्याला ऑक्टोबरमध्ये आग लागली. रूपांतरकांत बसविल्या जाणाऱ्या नामांकित चिप तेथे तयार होत असत. पुरवठा आटला, आणि जगभरच्या अनेक उत्पादकांना दुसऱ्या कंपनीच्या चिप घेऊन आपल्या पेट्या नव्याने आखाव्या लागल्या. काही नमुने तर जवळजवळ त्याच नावाने, तेच कवच घालून, आतला रूपांतरक बदलून बाजारात आले. लगोलग वाद सुरू झाला: जुनी मृदू, नवी करकरीत. मापकाच्या दृष्टीने मात्र दोन्हींतील उणिवा मानवी कानाच्या टप्प्याबाहेरच्या होत्या. नावाचा परिणाम कानावर किती होतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

येथपर्यंतचे सारे कोणत्याही शहरातील मालकाला लागू पडेल. बनारसच्या श्रोत्याचा प्रश्न निराळा आहे, कारण त्याला जे ऐकावयाचे असते त्यातील पुष्कळसे लाखेच्या तबकड्यांवर कोरलेले आहे. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणारी ती तबकडी. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे, आणि तिच्यामुळेच सुईखाली तो परिचित खरखराट होई. सहज आठवते म्हणून सांगावयाचे, की काशीपासून फार दूर नसलेले मिर्झापूर हे लाखेच्या धंद्याचे मोठे केंद्र होते. त्याच मिर्झापूर जिल्ह्यातील कछवा बाजार येथे १९०२ साली रसूलन बाईंचा जन्म झाला. बनारसी ठुमरी आणि टप्पा यांच्या त्या थोर गायिका. १९५७ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६९ च्या दंगलीत अहमदाबादेतील त्यांचे घर जळाले, आणि १९७४ मध्ये त्या वारल्या.

रसूलन बाईंची भैरवीतील एक ठुमरी सर्वतोमुखी झाली. फुलांच्या चेंडूचा मार लागतो अशी तिची तक्रार आहे, आणि तो मार काळजाला लागतो असे सारे गातात. परंतु १९३५ मध्ये त्यांनी जी तबकडी दिली तीत काळजाच्या जागी यौवनाचा वाचक असा एक धीट शब्द होता, आणि तो शब्द त्यांनी पुन्हा कधी गायिला नाही. या तबकडीचा शोध हा सबा दिवाण यांच्या ‘द अदर साँग’ या २००९ च्या माहितीपटाचा विषय आहे. कोठ्यावरचे गाणे प्रतिष्ठितांच्या सभागृहात येताना स्त्रीच्या तोंडचा कोणता शब्द खाली ठेवावा लागला, हा त्यामागचा खरा प्रश्न. पुढच्या साऱ्या गायनात न सापडणारा तो शब्द लाखेच्या एका खाचेत तेवढा उरला. अशी तबकडी ऐकताना यंत्राकडून अपेक्षा एकच उरते: शब्द शब्दासारखा ऐकू यावा.

ही अपेक्षा पेटी कितपत पुरी करते? १९२५ नंतर विजेच्या सूक्ष्मध्वनिग्राहकाने मुद्रण होऊ लागले, तरी १९३५ च्या तबकडीवर उपयोगाचा ध्वनी सेकंदाला पाच-सहा हजार कंपनांच्या पलीकडे फारसा नसतो. डॅकच्या पेट्यांवर निरनिराळ्या गाळण्या निवडण्याची सोय असते, आणि मालक त्यांवर तासन्‌तास चर्चा करतात. त्या गाळण्यांचा फरक वीस हजारांच्या आसपास पडतो. तेथे या तबकडीवर काहीच नाही, आणि साठीच्या कानालाही तेथले काही ऐकू येत नाही. उलट, ज्या एका सोयीने जुन्या तबकडीला खरा उपयोग होतो ती बहुतेक पेट्यांवर नसते. तबकडीचे गाणे एकपदरी. पण आजच्या सुईने तिची प्रत उतरविताना खाचेच्या दोन्ही भिंतींचा ध्वनी दोन कानांना वेगवेगळा दिला जातो. गाणे दोन्हीकडे सारखेच असते, खरखर मात्र दोन्हीकडे निरनिराळी. हेडफोनमध्ये ती डोक्याच्या दोन्ही बाजूंना पसरते आणि गायिका मधोमध कोंडल्यासारखी वाटते. दोन्ही बाजू एकत्र केल्या की खरखर स्पष्ट कमी होते, आणि आवाजाला स्पर्शही होत नाही. संगणकावरच्या एका साध्या खुणेने हे साधते. उत्पादकांनी सहा गाळण्या द्याव्यात आणि ही एक कळ देऊ नये, हे नवलच.

याहून मोठा घात पेटीपर्यंत पोहोचण्याच्या आधीच झालेला असतो. खरखर नाहीशी करणाऱ्या यांत्रिक सफाईला सारंगीच्या गजाची घसट, ठुमरीच्या पुकारीपूर्वी घेतलेला श्वास आणि ‘स’, ‘छ’ यांचा सीत्कार हेही खरखरीसारखेच दिसतात. हात जड पडला की ते सारे पुसले जाते. सारंगी हार्मोनियमसारखी गुळगुळीत होते आणि शब्दांच्या कडा झिजतात. साध्या कर्ण्यावर हे लपते, चांगल्या पेटीवर लपत नाही. म्हणून पुष्कळ मालकांची पहिल्या महिन्यातली तक्रार अशी असते, की नव्या गाण्यांना बहर आला, पण जुनी आवडती ध्वनिमुद्रणे ऐकवेनात. तक्रार यंत्राविरुद्ध वाटते. वास्तविक ती प्रत उतरविणाऱ्याविरुद्ध असते. आरंभीच्या तबकड्यांची गती सर्वत्र सारखी नव्हती, हीही एक अडचण. ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ ने उतरविली तर गायिकेचा आवाज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो आणि तान विनाकारण चपळ होते. कोणत्याही किमतीचा रूपांतरक ही चूक ओळखणार नाही. तो मिळालेले आकडे इमानाने वाजवील. ती ओळखावयास गाणारांचा सूर माहीत असलेला एखादा वृद्ध कानच लागतो.

त्यामुळे पेटी घेऊन वर्ष उलटलेल्या बनारसी मालकाच्या बोलण्यात पेटीचे नाव क्वचित येते. कोणती चिप, कोणती तार, हे विषय मागे पडतात. तो विचारू लागतो तो निराळाच प्रश्न: या गाण्याची न धुतलेली प्रत कोणाकडे आहे? मूळ तबकडी कोणाच्या माळ्यावर, कोणत्या ट्रंकेत, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून अजून पडली आहे काय? आणि ती उतरवून घेण्याइतके दिवस ती तडा न जाता राहील काय?