जुना टीव्ही भंगारात देऊ नका

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन)



पत्रिकेवर विषय ‘जुन्या संचावर डिजिटल प्रक्षेपण’ असा छापलाय. मला जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो. फुकट दिसणारं दूरदर्शन हा गावाचा पाणवठा आहे आणि जुना टीव्ही ही त्यावरची घागर. ती भंगारात जाता कामा नये.

मुंबई केंद्र 1972 साली सुरू झालं, 1982 मध्ये रंग आले, सिंहगडावरच्या मनोऱ्यानं पुण्याला चित्र दिलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. गच्चीवर अँटेना फिरवणारे इथं बरेच बसलेत. (हशा) 2012 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत आणि 2013 च्या मार्चअखेर पुणे-नागपूरकडे केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. पुढं दूरदर्शनचे जुने अॅनालॉग मनोरेही बंद होत गेले. लोकांनी एवढंच ऐकलं, की ‘जुना टीव्ही आता चालणार नाही.’

तो चालतो. डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची छत्रीवरून दिसणारी सेवा 2004 च्या डिसेंबरात ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावानं सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही. छत्री, एलएनबी, वायर आणि बॉक्स एकदाच घ्यायचा. बॉक्स मात्र एमपेग-4 चा मागा. जुन्या एमपेग-2 च्या बॉक्सवर काही वाहिन्या उमटतच नाहीत.

जोडणी सोपी आहे. बॉक्समधून तीन वायरी निघतात. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. संचावर आवाजाचं एकच भोक असेल तर पांढरी लावा, लाल मोकळी सोडा. मग टीव्हीच्या रिमोटवर ‘एव्ही’ दाबा. संच इतका जुना असेल की फक्त अँटेनाचंच भोक आहे, तर मध्ये आरएफ मॉड्युलेटर लागतो. संचाचं मागचं झाकण मात्र उघडू नका. पिक्चर ट्यूबमध्ये टीव्ही बंद केल्यावरही विजेचा जोरदार दाब शिल्लक असतो.

छत्री आपल्याकडून आग्नेयेला. उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ नव्वद दिसली की लोक खूश होऊन शिडी उतरतात. पण छत्रीचं तोंड भलतीकडे असलं तरी स्ट्रेंग्थ दिसते! पाहायची ती क्वालिटी. छत्री बोटभर सरकवायची, थांबायचं, खालच्याला विचारायचं. पूर्वी सिग्नल कमी झाला तर पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी बातम्या कळायच्या. आता आधी चौकोन फुटतात आणि मग पडदा रिकामा होतो. मधलं काही नाही. म्हणून छत्रीपुढची लिंबाची फांदी वेळेवर तोडा.

आता माण तालुक्यातल्या एका आजींची गोष्ट. थोडक्यात सांगतो. (हशा) आजींचा एकवीस इंची संच. पुतण्यानं बॉक्स आणून दिला, चित्र आलं ते काळं-पांढरं. मेकॅनिक म्हणाला, “ट्यूब गेली, नवीन घ्या.” आजी मला म्हणाल्या, “बाबा, आवाज खणखणीत येतोय, मग ट्यूब कशी गेली?” बॉक्सच्या मेनूत शिरलो, तर टीव्ही सिस्टिमपुढं ‘एनटीएससी’. आपल्या जुन्या संचांना कळतं ते ‘पाल’. तेवढं बदललं आणि सह्याद्री वाहिनीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईंची साडी हिरवी झाली! आजींनी माझ्या हातातून रिमोट घेतला. “परत बिघडव,” म्हणाल्या. मी बिघडवलं. त्यांना इंग्रजी अक्षर वाचता येत नाही. त्यांनी बटणं किती वेळा दाबायची ते बोटांवर मोजलं. चुकल्या, पुन्हा मोजलं आणि रंग आणले. मग शेजारणीला हाक मारली आणि तिला शिकवायला बसल्या. चहा बाजूलाच राहिला…

हो, चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं. (हशा)

मागून कुणीतरी म्हणालं, “आता सगळं मोबाइलवर आहे.” तुमच्या घरी असेल, साहेब. 2020 च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेल्या, तेव्हा ज्या घरात स्मार्टफोन नव्हता तिथली पोरं कुठं शिकली? सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लागत होती, पहिली ते आठवीची. ती दिसायला टीव्ही चालू असणं एवढंच लागत होतं. मी जुन्या वस्तूंच्या प्रेमापोटी बोलत नाही. दर महिन्याला रिचार्ज न करता बातमी, हवामान आणि शाळा घरात येण्याचा हा एक रस्ता आहे आणि वायर कुठं लावायची हे माहीत नाही म्हणून तो बंद पडतोय. (टाळ्या)

अँटेना, वादळी पाऊस आणि लांबट दिसणारे चेहरे हे विषय राहिले. चेहऱ्यांचं एका वाक्यात सांगतो: बॉक्समध्ये पडद्याचा आकार 4:3 करा.

इथल्या वाचनालयाच्या चिटणीसांशी बोललोय. उद्या सकाळी दहाला मागच्या खोलीत संच, छत्री, बॉक्स मांडतो. घरातल्या पोराला पाठवू नका, स्वतः या. जोडून बघा, बिघडवा, पुन्हा जोडा. आणि जाताना शेजाऱ्याचा माळ्यावरचा टीव्ही खाली उतरवायला लावा. (टाळ्या)