गाडी बोलते, ती ऐका
(भातकुली भागातील शेतकऱ्यांसाठी रेडिओवरून दिलेले भाषण)



आज मी पिकाविषयी बोलणार नाही. पिकलेला माल ज्या गाडीने अमरावतीच्या बाजारात जातो, त्या पिकअप गाडीविषयी बोलणार आहे. आता गावोगावी अशा गाड्या झाल्या आहेत. कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा, खताच्या गोण्या, सारे त्यातूनच जाते. पण गाडीतून वेगळा आवाज येऊ लागला, की आपण काय करतो? रेडिओ जरा मोठा करतो. खरे ना?

आपल्या वाडवडिलांचे असे नव्हते. बंडीच्या चाकाची कुरकुर ऐकून ते सांगत, की आसाला वंगण पाहिजे. अंधारातसुद्धा चाक वाजले, तर खाली उतरून खीळ जागेवर आहे की नाही ते चाचपून पाहत. बंडी गेली, पिकअप आली. पण कान तेच ठेवायला हवेत.

मी हे का सांगतो, ते ऐका. काही वर्षांपूर्वी वेचणीच्या दिवसांत मी एका गावाहून पिकअपने परत येत होतो. मी पुढे केबिनमध्ये होतो. मागे वेचणीच्या बाया बसल्या होत्या. मालाच्या गाडीत माणसे बसवू नयेत हे मला ठाऊक होते, पण मी बोललो नाही. ती माझी चूक. थोड्या वेळाने मागून एका बाईने केबिनवर थाप मारली. म्हणाली, "भाऊ, खालून खटखट करून रायलं काहीतरी." चालक म्हणाला, "रिकामी गाडी हाये, वाजतेच." मीही मान हलवली. तिने दुसऱ्यांदा थाप मारली, तेव्हा गाडी थांबली. मागच्या डाव्या चाकाच्या पाच नटांपैकी दोन नट बोटांनी फिरत होते. दोनच दिवसांपूर्वी पांदणीत ते चाक पंक्चर झाले होते. चिखलातच चाक बदलले. रिम आणि ड्रमच्या मध्ये काळी माती राहिली. ती वाळून भुगा झाली आणि नट ढिले पडले. पुढे उतार होता, पूल होता. त्या बाईचे ऐकले नसते तर काय झाले असते, याचा विचार मी अजून करतो.

तेव्हा आवाज शोधायचा कसा, ते क्रमाने पाहू.

पहिली पायरी : गाडी रिकामी करा. सीटखालचा जॅक, दांडा, पाने, साखळी, दोर सारे बाहेर काढा. मागच्या फाळक्याच्या कड्या घट्ट लावा. मग गाडी फिरवून पाहा. निम्मे आवाज इथेच सापडतात. जॅकच्या दांड्याचा आवाज समजून मेस्त्रीकडे अर्धी गाडी खोलण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी : आवाज इंजिनाचा की चाकाचा? गाडी सपाट जागी उभी करा, गिअर न्यूट्रल ठेवा, हँडब्रेक लावा, इंजिन सुरू करा. रेस कमी-जास्त करा. उभ्या गाडीत आवाज आला आणि रेसबरोबर वाढला, तर तो इंजिनाच्या बाजूचा. उभ्या गाडीत आला नाही, चालत्या गाडीत आला आणि वेगाबरोबर वाढला, तर तो चाक, टायर, शाफ्ट किंवा हाउसिंगचा. मोकळ्या सपाट रस्त्यावर हळू चालत असताना क्षणभर न्यूट्रल करून पाहता येते. पण चावी बंद करू नये, बरं का! चावी फिरवली तर ब्रेक जड होतो आणि स्टेअरिंग अडकू शकते.

तिसरी पायरी : आवाज कधी येतो? सोबत एक माणूस घ्या. त्याने मागे लक्ष द्यावे, चालकाने गाडी चालवावी. खड्ड्यात येतो की सपाट रस्त्यावर? ब्रेक दाबल्यावर? वळणावर? क्लच दाबल्यावर? भरल्या गाडीत की रिकाम्या? सकाळी थंड असताना की गरम झाल्यावर? हे वहीत लिहून ठेवा. सोबतच्या माणसाने मोबाईलमध्ये आवाज भरून घ्यावा. मेस्त्रीच्या दारात गेल्यावर आवाज नेमका बंद होतो, हा अनुभव सर्वांचा आहे.

आता ओळखीचे आवाज सांगतो.

१. वेगाबरोबर वाढणारी "घूं घूं" : बहुधा चाकाचे बेअरिंग. डावीकडे वळताना आवाज वाढला, तर भार उजव्या चाकावर जातो, म्हणून उजवे बेअरिंग आधी पाहावे. उजवीकडे वळताना वाढला, तर डावे. चाक उचलून वरून-खालून धरून हलवावे. खेळ जाणवला, तर काम लांबवू नये.

२. गिअर टाकून गाडी सोडताना "कट्ट", हळू चालताना "चिक चिक" : शाफ्टचा क्रॉस कोरडा पडला किंवा झिजला. ग्रीसचा निप्पल असेल तर ग्रीस भरावे. शाफ्टला सुतळी, तार किंवा पऱ्हाटीचे धसकट गुंडाळले आहे का, तेही पाहावे. इंजिन बंद असतानाच पाहावे.

३. ब्रेक दाबताच "खर्रर्र" : लायनर संपले आणि लोखंडाला लोखंड घासते आहे. भरलेली गाडी बाजाराला नेऊ नये.

४. खड्ड्यात "कुरकुर" किंवा "धडधड" : कमानीचे बुश, शॅकल पिन, यू-बोल्ट किंवा तुटलेला पाटा. गाडी एका बाजूला झुकलेली दिसली, तर पाटे मोजून पाहा. रबरी बुशावर जुने ऑइल ओतू नये, रबर फुगून खराब होते.

५. क्लच दाबल्यावर येणारा आवाज रिलीज बेअरिंगचा. उलट न्यूट्रलमध्ये येणारा आणि क्लच दाबल्यावर थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या बाजूचा.

६. अ‍ॅक्सिलेटर दिल्यावर मागून "हूंऽऽ" आणि सोडल्यावर आवाजात बदल : हाउसिंगमधील ऑइल तपासावे.

७. इंजिन सुरू करताच "चींऽऽ" : पट्टा ढिला किंवा झिजलेला. हलकी "टिक टिक" आली तर आधी इंजिन ऑइलची पट्टी पाहावी. जड "खट खट" आली किंवा ऑइलचा लाल दिवा लागला, तर इंजिन लगेच बंद करावे. घर जवळ आहे म्हणून चालवत नेऊ नये. तेवढ्यात इंजिन जाते.

८. चाकाच्या फेऱ्याबरोबर "टक टक" : टायरमध्ये खडा अडकला असेल, नाही तर नट ढिले असतील. घरचा खडा आणि मरणाचा नट, दोघांचा आवाज सारखाच. म्हणून उतरून पाहावेच.

चाक बदलताना रिम आणि ड्रमचा पृष्ठभाग पुसून घ्यावा. नट समोरासमोरचे या क्रमाने आवळावेत. साधारण ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळावेत. ही एक सवय लावली, तरी आजचे भाषण सार्थकी लागले.

आता आपल्या भागाच्या दोन खास गोष्टी. पहिली काळी माती. पांदणीतून आल्यावर रिमच्या आतल्या बाजूला चिखल बसतो, एका अंगाला वाळतो, आणि डांबरी रस्त्यावर गाडी थरथरते. मेस्त्रीकडे जाण्याआधी रिम आतून खरवडून धुवावी.

दुसरी गोष्ट खारपाण पट्ट्याची. पूर्णेच्या खोऱ्यातल्या आपल्या बहुतेक गावांत विहिरीचे आणि बोअरचे पाणी खारे आहे. ते पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. आत क्षार बसतात, धातू गंजतो, इंजिन तापते. कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरच वापरावे. खाऱ्या पाण्याने गाडी धुतली, तर शेवटी एक-दोन बादल्या गोड्या पाण्याने खालची बाजू, कमानी आणि ब्रेकचे पाइप धुवून काढावेत. रेडिएटर गरम असताना झाकण कधीही उघडू नये.

वजनाचेही पाहा. नोंदणी पुस्तकात रिकाम्या गाडीचे वजन आणि भरल्या गाडीचे कमाल वजन दिलेले असते. समजा रिकामी १६०० किलो आणि भरलेली २८०० किलो. फरक १२०० किलो. त्यातून दोन माणसांचे १३० किलो वजा करा. उरले १०७० किलो, म्हणजे ५० किलोच्या २१ गोण्या. बाविसावी गोणी भाड्यात फायद्याची दिसते. पण पाटा, बेअरिंग आणि टायर मिळून तिची किंमत वसूल करतात.

आणि एक ताकीद. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. काळ्या मातीत जॅक रुततो. खाली जाड फळी ठेवावी, दुसऱ्या चाकांना दगड लावावेत, गाडी पक्क्या ठोकळ्यांवर टेकवावी, मगच हात घालावा. सैल धोतर, दुपट्टा, ओढणी चालत्या पट्ट्याजवळ नेऊ नये.

थोडक्यात लक्षात ठेवा. लाल दिवा, जड खटखट, ब्रेकची खरखर, ढिला नट : जागीच थांबा. बेअरिंगची घूं घूं, शाफ्टची कटकट : माल भरण्याआधी मेस्त्रीला दाखवा. फाळका, जॅक, चिखल : घरीच बघा.

शेवटी त्या बाईचे. ती गाडी चालवत नव्हती, तिने कधी पाना हातात धरला नव्हता. पण ती चाकाच्या वर बसली होती आणि तिने आधी ऐकले. मालाच्या गाडीत माणसे बसवू नका. कायदा परवानगी देत नाही आणि अपघातात विम्याचीही अडचण होते. पण गाडीजवळचा कोणीही, बाई असो की पोरगं, "आवाज येऊन रायला" म्हणाला, तर आधी थांबा, उतरा, पाहा. हसायचे असेल तर नंतर हसा.

येत्या रविवारी सकाळी गाडी अंगणात लावा, अर्धा तास द्या, आणि प्रत्येक नटाला एकदा पाना लावा. आपल्या अडचणी कार्यक्रमाकडे पत्राने जरूर कळवा.