लहान्याला रग्बीला घालायचंय? आधी दोन संध्याकाळी मैदानावर जाऊन उभे राहा

आजचा भाग खरं तर आईबाबांसाठी आहे, पण मला माहीत आहे की आईबाबा पॉडकास्ट ऐकत नाहीत. ऐकता तुम्ही. आणि घरात धाकट्याची ॲडमिशन, फॉर्म, ऑनलाइन पेमेंट, हे सगळं शेवटी तुमच्याच मोबाइलवरून होतं. म्हणून तुम्हालाच सांगते.

तर रग्बी. आपल्याकडे वर्ध्यात पाच वर्षांपूर्वी कोणाला विचारलं असतं तर "तो अंड्यासारखा बॉल असतो तो?" एवढंच उत्तर मिळालं असतं. मग 2025 च्या जूनमध्ये मुंबईत, अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा टीम, सेव्हन्सचे छोटे सामने. रीलवर बघायला एकदम फिट! आमच्या लहान्यानं ते बघितलं आणि झालं. त्याच्या शाळेतल्या चार पोरांच्या डोक्यातही तेच. सेव्हन्स 2016 पासून ऑलिंपिकमध्ये आहे, हे वाक्य आमच्या घरी दिवसातून तीनदा ऐकू यायचं.

त्याच उन्हाळ्यानंतर एक पत्रक व्हॉट्सॲपवर फिरत आलं. अकॅडमी, दुसऱ्या शहरातली, दहा दिवसांचं निवासी शिबिर, किट फ्री, आणि खाली ठळक अक्षरात: 'सरकारी नोकरीत आरक्षणाचा लाभ'. नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका अकॅडमीचा नाही. बाबांनी फोन केला. बाबांनी काय विचारलं? फी किती, जेवण कसं, सर्टिफिकेट मिळेल ना. मी बाजूलाच बसले होते, मीही दुसरं काही विचारलं नाही.

सहाव्या दिवशी संध्याकाळी लहान्याचा फोन आला. डोकं दुखतंय म्हणाला. टॅकल करताना समोरच्याचा गुडघा कानाच्या वर लागला होता. कोचनं काय केलं? "काही नाही होत, पाणी मार अन् खेळ." तो खेळला. दुसऱ्या दिवशीही खेळला. घरी आला तेव्हा बसमधून उतरल्यावर त्यानं मला एकच प्रश्न तीनदा विचारला, "ताई, आज कोणता वार आहे?" रात्री उलटी झाली. मग सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात घेऊन गेलो. मेंदूला हादरा बसला होता, ज्याला कन्कशन म्हणतात. तो बरा झाला, आता ठणठणीत आहे. पण डॉक्टरांनी विचारलं की मार लागल्यावर तो खेळला का, तेव्हा आई गप्प बसली होती. ते मला अजून आठवतं.

आता नीट ऐका. कन्कशन होण्यासाठी बेशुद्ध पडावं लागत नाही. बहुतेक वेळा मूल शुद्धीतच असतं. गोंधळलेलं दिसणं, तेच तेच विचारणं, डोकेदुखी, चक्कर, मळमळ, उजेड नकोसा होणं, उगाच चिडणं, यातलं काहीही असू शकतं. रग्बीत याचा नियम अगदी सरळ आहे: शंका आली की बाहेर. त्या दिवशी परत मैदानात नाही. मग विश्रांती, आणि परत खेळणं टप्प्याटप्प्यानं. लहान मुलांच्या बाबतीत हा हिशोब दिवसांचा नसतो, आठवड्यांचा असतो. कारण पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो क्वचित का होईना, पण जिवावर बेतू शकतो.

म्हणून अकॅडमीला फोन केला की पहिला प्रश्न फीचा नको. विचारायचं, "सर, मुलाच्या डोक्याला मार लागला तर तुम्ही नेमकं काय करता?" आणि मग गप्प बसायचं. चांगला कोच लगेच सांगतो: बाहेर काढतो, घरी फोन करतो, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय परत घेत नाही, जवळचं हॉस्पिटल अमुक आहे, गाडी अशी आहे. वाईट कोच म्हणतो, "आमच्याकडे असं होतच नाही." रग्बीत असं होतच नाही? मग ते रग्बी शिकवत नसावेत.

दुसरं म्हणजे, न सांगता मैदानावर जा. एकदा नाही, दोनदा. डेमोच्या दिवशी सगळे छान वागतात. बघायचं काय? आधी टॅकल. नवीन मुलांना पहिल्याच आठवड्यात एकमेकांवर धडकवत असतील तर बाबांना घेऊन सरळ घरी या. लहान मुलांची सुरुवात टॅगनं किंवा टचनं होते. टॅगमध्ये कमरेच्या पट्ट्याला दोन रिबिनी चिकटवलेल्या असतात, त्या ओढल्या की टॅकल झाला. धक्काबुक्की नाही. आणि हे काही कच्चं लिंबू नाही बरं का! भुवनेश्वरच्या कलिंगा इन्स्टिट्यूटची आदिवासी मुलं 2007 मध्ये लंडनला चौदा वर्षांखालची स्पर्धा जिंकून आली. 'जंगल क्राय' नावाचा सिनेमा त्यांच्यावरच आहे. पाय, पास आणि डोकं, या खेळात आधी हेच लागतं. पूर्ण टॅकल नंतर, आधी गुडघ्यावर बसून, मग चालत, मग धावत. आणि डोकं कुठं ठेवायचं, ते कोच प्रत्येक वेळी ओरडून सांगतोय का ते ऐका. खांद्याच्या वर टॅकल हा फाऊल आहे. सरावातच तो चालवून घेतला जात असेल तर मॅचमध्ये काय होणार?

मग बघा, कोण कोणाला टॅकल करतोय. आपल्याकडे वय कमी लावून खेळवणं हा जुना रोग आहे, कबड्डीपासून सगळीकडे. कबड्डीत त्यानं पदक जातं. रग्बीत मान जाऊ शकते. ज्याला दाढी फुटली आहे आणि जो अजून पाचवीतला दिसतो, ते दोघं एका ग्रुपमध्ये असतील तर जन्मदाखला कसा तपासता, ते विचारा. राग आला तरी विचारा.

मैदानही बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात तडकते, भेगांमध्ये घोटा जातो. पोस्टच्या खांबाला गादी बांधलेली आहे का? मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि काही अकॅडम्या "स्टॅमिना वाढतो" म्हणून चार वाजता पळवतात. पाण्याचा ब्रेक मागावा लागत असेल तर ती अकॅडमी नाही, शिक्षा आहे.

कोचचं शिक्षण तपासणं सोपं आहे. 'नॅशनल प्लेअर' असणं वेगळं आणि मुलांना शिकवता येणं वेगळं. वर्ल्ड रग्बीचे कोचिंगचे कोर्स असतात, लेव्हल वन वगैरे, आणि प्रथमोपचाराचेही. सर्टिफिकेट दाखवा म्हणा. वर्ल्ड रग्बीच्या वेबसाइटवर 'रग्बी रेडी' आणि कन्कशनबद्दलचे कोर्स फुकट आहेत, मोबाइलवर होतात. मी दोन्ही केले. एका संध्याकाळचं काम आहे. त्यानंतर कोचशी बोलताना आपण कोणत्या पातळीवर बोलतोय ते त्यालाही कळतं.

आता ते आरक्षण. इथे लोक फार फसतात. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, हे खरं. दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, हेही खरं. पण शिबिराच्या सर्टिफिकेटवर यातलं काही मिळत नाही. कोणत्या स्पर्धेत, कोणत्या पातळीवर, कितवा नंबर, सगळं ठरलेलं असतं, आणि नोकरीच्या वेळी प्रमाणपत्राची सरकारी पडताळणी होते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्याच राज्यात गाजली आहेत. तेव्हा पत्रक घेऊन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा आणि विचारा: ही स्पर्धा आणि ही संघटना धरली जाते का? बाबांना सुट्टी नसेल तर तुम्ही जा.

पैशाचं थोडक्यात: पावती घ्या, आणि स्पर्धेचा प्रवास, किट, हॉस्टेल वेगळे की फीमध्येच, ते लिहून घ्या. मध्येच सोडलं तर परत किती, तेही.

बाहेरगावी नेणार असतील तर मुक्काम कुठं, सोबत कोण, मुलींसोबत बाई कोच किंवा मॅनेजर आहे का, एवढं तर घरच्यांना कळलंच पाहिजे. पालकांना ग्रुपमध्ये न घेता कोच मुलांना रात्री वैयक्तिक मेसेज करत असेल तर ते तिथेच थांबवा. काही वेगळं वाटलं तर 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर आहे. लहान्याला पाठ करायला लावा.

आमचा लहान्या? तीन महिने बॉलला हात लावू दिला नाही आईनं. नंतर दोन संध्याकाळी मी आणि बाबा एका छोट्या ग्रुपचा सराव बघायला गेलो. मैदान काही खास नव्हतं, किट जुनं होतं. पण दुसऱ्या संध्याकाळी एक मुलगा पडला, डोकं धरून उठला आणि "मी ठीक आहे सर" म्हणाला. सरांनी त्याला बाहेर बसवलं आणि सगळ्यांसमोर त्याच्या आईला फोन लावला. मुलगा रडत होता, खेळायचं होतं त्याला. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "फॉर्म विचार त्यांना."

तुमच्या गावात, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव कुठेही, अशी अकॅडमी बघून आला असाल तर व्हॉइस नोट पाठवा. फोनवर पहिलं काय उत्तर मिळालं, ते नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात.