जुनी कथा, नवा चित्रपट



अलीकडच्या चित्रपटांच्या जाहिराती पाहिल्या म्हणजे एक गोष्ट चटकन नजरेत भरते. नावापुढे आकडा असतो. 'टाइमपास' २०१४ साली आला, त्याचा दुसरा भाग २०१५ साली आणि तिसरा २०२२ साली. 'मुंबई-पुणे-मुंबई' २०१०, २०१५ आणि २०१८ असा तीनदा आला. २००४ साली 'नवरा माझा नवसाचा' या चित्रपटातले कुटुंब एसटीने गणपतीपुळ्याला निघाले होते. वीस वर्षांनी, २०२४ साली, ते कोकण रेल्वेत बसले आणि चित्रपटाच्या नावापुढे दोनचा आकडा लागला. हिंदीत 'स्त्री' आणि 'स्त्री २', तेलुगूत 'बाहुबली' आणि 'पुष्पा' यांचे दोन दोन भाग. बाहेरच्या जगातही तीच तऱ्हा. २०२४ साली जगात सर्वांत जास्त कमाई 'इनसाइड आउट २' या अमेरिकन चित्रपटाने केली, तर २०२५ साली 'नेझा २' या चिनी चित्रपटाने बाजी मारली. दोन्ही दुसरेच भाग!

हे पाहून कोणीही विचारील, की अहो, नव्या गोष्टी संपल्या की काय? या प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करू.

पहिली गोष्ट ही, की पुन्हा सांगितलेली कथा म्हणजे वाईट कथा, असे समजण्याची घाई करू नये. आपण कीर्तन ऐकणारी माणसे आहोत. उत्तररंगात बुवा जे आख्यान लावतात, ते आपल्याला लहानपणापासून पाठ असते. शेवट काय होणार, हे मांडवातल्या पोरालाही ठाऊक असते. तरी आपण रात्री जागून ऐकतो, कारण बुवा त्यात आजचा दाखला घालतात आणि आपल्याच गावचे वर्म नेमके काढून दाखवतात. कथा जुनी, पण सांगणे ताजे.

आपल्या चित्रपटांचा आरंभही असाच झाला. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला. तो मूकपट होता. स्त्रिया पडद्यावर यायला तयार नव्हत्या, म्हणून तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुष नटाने केले. पुढे १९३२ साली 'प्रभात' कंपनीने मराठीतला पहिला बोलपट काढला, 'अयोध्येचा राजा'. दिग्दर्शक व्ही. शांताराम. आणि कथा कोणती? तर पुन्हा हरिश्चंद्राचीच! पण एकोणीस वर्षांत केवढा फरक पडला पाहा. राजा आता बोलू लागला, गाऊ लागला, आणि तारामती झाल्या होत्या दुर्गा खोटे. चांगल्या घरची सुशिक्षित स्त्री पडद्यावर उभी राहिली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे २००९ साली परेश मोकाशी यांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' काढला. त्यात त्यांनी राजाला बाजूला ठेवले आणि तो पहिला चित्रपट काढण्यासाठी फाळक्यांनी केलेला खटाटोप दाखवला. विषयाचे मूळ एक, पण प्रत्येक वेळी सांगणाऱ्याने पदरचे काही घातले आणि धोका पत्करला.

मग आजच्या आकड्यांच्या चित्रपटांबद्दल तक्रार कशासाठी? ती धोक्याबद्दल आहे. चित्रपट काढायला कोट्यवधी रुपये लागतात, आणि तो लोकांना माहीत करून द्यायला पुन्हा निराळे लागतात. शुक्रवारी चित्रपट लागतो आणि रविवारच्या गर्दीवर सोमवारपासूनचे खेळ ठरतात. १९५९ साली 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात लागला, तो १३१ आठवडे चालला. त्या काळी एकाने पाहून दुसऱ्याला सांगायला अवकाश होता. आज तो अवकाश तीन दिवसांचा. अनोळखी नावाच्या चित्रपटाची कीर्ती आपल्या कानी येईतो चित्रपट उतरलेला असतो. ओळखीच्या नावाला मात्र सांगण्याची गरजच नसते. म्हणून पैसा लावणारा माणूस ओळखीचे नाव धरतो. त्याचे तरी काय चुकले? व्यापारी खात्रीचा माल आधी उचलतो, हे बाजारात बसणाऱ्याला सांगायला नको.

पण या हिशेबात एक खाच आहे. ती आपल्या रिसोड-वाशीम भागातल्या शेतकऱ्याला लवकर कळेल. सोयाबीनचे सरळ वाणाचे बियाणे एकदा विकत आणले, की घरचे धान्य राखून पुढची दोन-तीन वर्षे पेरता येते. त्यात पैसा वाचतो. पण जाणता शेतकरी पेरणीपूर्वी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि किती उगवले ते पाहतो. सत्तर उगवले तर ठीक, त्याहून कमी भरले तर पेरणीत दाणा वाढवायचा, नाहीतर बियाणेच बदलायचे. आणि काही वर्षांनी कोणीतरी नवे बियाणे तयार केलेले असावेच लागते. सगळेच घरचे पेरीत बसले, तर पीक हळूहळू खालावते.

चित्रपटाचेही तसेच आहे, बरं का. 'इनसाइड आउट २' चालला, कारण २०१५ साली कोणीतरी एका मुलीच्या मनात काय चालते, ही अगदी नवी कल्पना घेऊन पहिला 'इनसाइड आउट' काढला होता. 'स्त्री २' चालला, कारण २०१८ साली पहिला 'स्त्री' लोकांना आवडला होता. प्रत्येक दुसऱ्या भागाच्या मागे एक पहिला असतो, आणि तो लागला त्या दिवशी त्याचे नाव कोणालाच ठाऊक नसते. आज नव्याला जागा दिली नाही, तर वीस वर्षांनी दुसरा भाग तरी कशाचा काढणार?

मराठीला ही गोष्ट अधिकच लागू आहे. आपल्याजवळ हिंदीइतका पैसा नाही. डोळे दिपवण्याच्या शर्यतीत आपण मागेच राहणार. आपले भांडवल म्हणजे आपली माणसे आणि त्यांची बोली. २००४ साली संदीप सावंत यांचा 'श्वास' आला. कोकणातला एक आजोबा आणि त्याचा नातू. पोराच्या डोळ्याला कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा त्याला जग दाखवायला बाहेर घेऊन जातो. इतकीच कथा. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठी चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो या लहानशा कथेला. ऑस्करसाठी तो अमेरिकेला पाठवायचा ठरला, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली!

आणि २०१६ सालचा 'सैराट' घ्या. जातीबाहेरचे प्रेम ही काही नवी कथा नव्हे. पण नागराज मंजुळे यांनी ती करमाळ्याच्या मातीत रुजवली, तिथल्या बोलीत सांगितली, आणि नायक-नायिका म्हणून दोन अगदी नवे चेहरे घेतले. मराठी चित्रपटाला तोवर कधी मिळाली नव्हती एवढी कमाई त्याने केली. नंतर २०१८ साली त्याच कथेवर हिंदीत 'धडक' निघाला. कथा उदयपूरला गेली, घरे मोठी झाली, कपडे भारी झाले. पण जातीचा जो काटा 'सैराट'मध्ये शेवटपर्यंत सलत होता, तो माझ्या मते वाटेतच कुठे तरी पडून राहिला. गोष्ट नेता आली, तिची माती नेता आली नाही.

आता यात आपले काय काम, असे तुम्ही म्हणाल. मराठी चित्रपटाला मोक्याच्या वेळी खेळ द्यावा, असे बंधन राज्य सरकारने २०१५ साली मल्टिप्लेक्सवर जाहीर केले. पण सरकार खेळ मिळवून देईल, खुर्चीत बसायला माणूस कोठून देईल? खेड्यात तर आता चित्रपट बहुधा मोबाइलच्या पडद्यावर येतो. एक पाहिला, की त्याच जातीचे आणखी दहा समोर येतात. तेव्हा अनोळखी नाव मुद्दाम शोधून पाहावे लागते. पाच चित्रपट ओळखीचे पाहिलेत, तर सहावा असा पाहा, की ज्याचे नाव तुम्ही कधी ऐकले नव्हते. आवडला तर पारावर, बाजारात, एसटीत चार जणांना सांगा. ज्याच्याजवळ जाहिरातीला पैसा नाही, त्याची जाहिरात तुमच्याच तोंडी आहे.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. मुलांना चित्रपट दाखवाल, तेव्हा 'कसा वाटला?' एवढ्यावर थांबू नका. 'ही गोष्ट आपल्या गावात घडली असती, तर कशी घडली असती?' असे विचारा आणि लिहून आणायला सांगा. चाळीसातली पस्तीस मुले पडद्यावरचेच उतरवून आणतील. पण पाच जण आपल्या विहिरीची, आपल्या आजीची, दुष्काळाच्या सालची गोष्ट लिहितील. त्या पाच वह्या जपून ठेवा. बियाणे तिथे आहे.