दागिन्याची किंमत : घेताना, मोडताना आणि विम्याच्या कागदावर

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



हळदीकुंकवाला जमलो की एकमेकींच्या दागिन्यांकडे लक्ष जातेच, आणि "केवढ्याला पडले?" हा प्रश्नही ओघाने येतो. परंतु "मोडले तर किती येतील?" असे आपण सहसा विचारीत नाही, ते अशुभ वाटते. आजारपण, मुलीचे शिक्षण, नापिकीचे साल आले की मात्र तोच प्रश्न दारात उभा राहतो. म्हणून आज त्याविषयी चार शब्द बोलते.

दागिन्याला एकच किंमत नसते. ती कोण विचारतो आणि कशासाठी विचारतो, त्यावर आकडा ठरतो.

हिशेब सोपा जावा म्हणून २२ कॅरट सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. २० ग्रॅमच्या पाटल्यांचे सोने झाले २ लाखांचे. घडणावळ शेकडा १२ धरली, तर २४,००० रुपये. त्यावर ३ टक्के कर ६,७२० रुपये. पावती झाली २,३०,७२० रुपयांची. भाव तोच असताना दुसऱ्या दिवशी त्या मोडायला नेल्या, तर घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत. सराफाने शेकडा ३ घट धरली, तर हातात येतात १,९४,००० रुपये. गहाण ठेवल्या तर त्याहून कमी : रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांप्रमाणे, घरखर्चासाठीच्या अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ८५ टक्के. तेथे खडे आणि मोती हिशेबात धरीत नाहीत.

विम्यासाठी मूल्यांकन करविले, तर कागदावर पुन्हा २,३०,००० च्या आसपास आकडा दिसेल. यात खोटे कोणीच बोललेले नाही. मूल्यांकन करणारा पाहतो, की चोरी झाली तर तसाच जोड नवा घ्यायला किती लागतील. सराफ पाहतो, की वितळविल्यावर सोने किती निघेल. विम्याचा कागद सराफापुढे ठेवून "एवढे द्या" म्हणणे म्हणूनच व्यर्थ आहे.

आपल्या जुन्या दागिन्यांत आणखी एक मेख असते. बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते. काट्यावरचे सगळे वजन सोन्याचे नसते. नथीचे मोल मोत्यांत आणि कारागिरीत. मोडीत तिचे फारसे येत नाही.

हा पेच फक्त आपल्यासारख्यांचाच नाही. आपले देगलूर १९४८ पर्यंत ज्या निजामाच्या अमलाखाली होते, त्यांच्या जवाहिराच्या किमतीवरूनही विश्वस्त आणि सरकार यांचे वर्षानुवर्षे जुळेना. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अखेर १९९५ साली भारत सरकारने जेकब हिऱ्यासह तो संग्रह सुमारे २१८ कोटी रुपयांना घेतला.

आता घरी करण्याच्या गोष्टी. पावती जपून ठेवा; तीत सोन्याचे वजन, खड्यांचे वजन आणि घडणावळ वेगळी लिहून घ्या. नवा दागिना घेताना हॉलमार्क आणि सहा अक्षरी-अंकी क्रमांक पाहा; १ एप्रिल २०२३ पासून हाच क्रमांक असलेला हॉलमार्क ग्राह्य आहे. मोडायला नेताना दोन-तीन दुकानी विचारा आणि कस आपल्यासमोर लावायला सांगा. विम्याचे मूल्यांकन भावाप्रमाणे नवे करीत राहा, आणि पॉलिसीत घडणावळ व कर धरले आहेत की नाही ते वाचा. बँकेचा लॉकर म्हणजे विमा नव्हे : चोरी किंवा आग झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरतीच असते. भाडे २,००० असेल तर २ लाख.

आणि सर्वांत नाजूक गोष्ट वाटणीची. आईमागे एका लेकीच्या वाट्याला नथ आली आणि दुसरीच्या वाट्याला पाटल्या. एकीला विम्याच्या कागदाचा भाव लावायचा आणि दुसरीला मोडीचा, असे झाले की बहिणी-बहिणींचे बोलणे तुटते. दोघींना एकच माप लावा. आईच्या हयातीतच वजने लिहून ठेवली तर त्याहून बरे.

स्त्रीधन हा आपला अडीअडचणीचा आधार आहे. तो किती पेलेल हे आधीच ठाऊक असलेले बरे.