मास्क सोसत नाही, की मापाचा नाही?



आज एका यंत्राविषयी बोलायचं आहे. हल्ली ते बऱ्याच घरांत आलं आहे, आणि त्यातल्या काही घरांत माळ्यावर जाऊन बसलं आहे. सीपॅप त्याचं नाव. झोपेत ज्यांचा श्वास अडतो, म्हणजे ज्यांना स्लीप ॲप्निया आहे, त्यांना डॉक्टर हे यंत्र लावून झोपायला सांगतात. चार रात्री होतात आणि माणूस म्हणतो, "मला नाही बाई हे सोसत."

हा कार्यक्रम करणाऱ्या आम्ही चौघी. आमच्यातल्या दोघी स्वतः मास्क लावून झोपतात, एकीचे यजमान लावतात आणि एकीच्या सासूबाई. एवढ्या अनुभवावरून आमचं सांगणं एकच आहे. यंत्र सोसत नाही असं ठरवण्याआधी मास्क मापाचा आहे का, ते बघा.

आधी आजार समजून घेऊ. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा श्वासाचा मार्ग तेव्हा मिटतो आणि श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबतो. मग मेंदू दचकून जागं करतो. तासाला ३० किंवा त्याहून जास्त वेळा असा श्वास थांबत किंवा मंदावत असेल, तर डॉक्टर त्याला गंभीर म्हणतात. रक्तदाब वाढतो, दिवसा पेंग येते, गाडी चालवताना डुलकी लागते.

बायकांचं आणखी वेगळं. घोरणं हे पुरुषांचंच, असं आपण धरून चालतो. बाई घोरत असली तरी तिला कुणी सांगत नाही, आणि सांगितलं तर तिलाच लाज वाटते. शिवाय पुष्कळ बायकांमध्ये हा आजार थकवा, सकाळी डोकं दुखणं, रात्री झोप न लागणं अशा रूपात दिसतो. पाळी गेल्यावर धोका वाढतो. पण घरात सगळे म्हणतात, "वय झालं, अशक्तपणा आलाय." एवढं सगळं ओलांडून एखादी बाई यंत्रापर्यंत पोहोचते. तिचे उपचार एका चुकीच्या मापापायी थांबू नयेत.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली हा उपाय जगापुढे मांडला. यात औषध काही नाही. नळीतून येणाऱ्या हवेचा दाब घसा आतून उघडा ठेवतो, इतकंच. पण मास्कच्या कडेने हवा सुटली, तर तो दाब घशापर्यंत पुरा पोहोचत नाही. म्हणून मास्कला एवढं महत्त्व.

मास्क मुख्यतः तीन तऱ्हेचे. पहिला नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणारा, अगदी छोटा. चश्मा लावून वाचत पडायची सवय असेल, किंवा तोंडावर काही आलं की जीव घाबरत असेल, तर हा बरा वाटतो. दुसरा नाक झाकणारा. तिसरा नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा. ज्यांचं नाक सारखं चोंदतं किंवा ज्या तोंडाने श्वास घेतात, त्यांना डॉक्टर बहुधा हा सुचवतात.

घेताना बसल्या बसल्या लावून बघू नका. आडवं झालं की गालांची ठेवण बदलते. म्हणून आडवं होऊन, यंत्र चालू करून, दोन्ही कुशींवर वळून बघा. एका कंपनीचा मध्यम आकार दुसऱ्या कंपनीच्या मध्यम आकाराएवढा असेलच असं नाही. बसला नाही तर किती दिवसांत बदलून मिळेल, हे पैसे देण्याआधी विचारा.

हवा सुटते म्हणून आपण पट्टे आवळतो. तिथेच गडबड होते. मास्कची मऊ कड हवेने फुगून चेहऱ्यावर टेकायला हवी. जास्त आवळली की ती चेपते, हवा आणखी सुटते आणि नाकाच्या दांड्यावर वळ उठतो. हवा डोळ्यांकडे जाऊन डोळे लाल होत असतील, तर पट्टे सैल करून मास्क पुन्हा नीट टेकवा. तरीही जमलं नाही, तर आकार किंवा तऱ्हा बदला. मास्कवर बारीक भोकं असतात, त्यातून हवा येते ती मात्र गळती नव्हे. उच्छ्वास बाहेर जायची ती वाट आहे. त्यावर पदर, गोधडी येऊ देऊ नका.

आता आपल्या खास गोष्टी. चमकी किंवा मोरणी मास्कखाली येत असेल, तर रात्री काढून ठेवा. मागे अंबाडा असला की पट्टा घसरतो, सैल वेणी घाला. तेल किंवा क्रीम लावलेल्या चेहऱ्यावर मास्क ठरत नाही. झोपण्याआधी तोंड धुऊन कोरडं करा. मास्कची कड रोज सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. नळी ओढली जाऊन मास्क हलत असेल, तर ती डोक्यावरून घेऊन खाटेच्या कठड्याला सैलसर अडकवा. यंत्रात पाण्याचं भांडं असेल, तर यंत्र डोक्यापेक्षा खाली ठेवा, म्हणजे नळीत साचलेलं पाणी तोंडाकडे येत नाही.

सवय व्हायला वेळ लागतो. आमच्यातल्या एकीने आठवडाभर संध्याकाळी मालिका बघताना मास्क लावला, आधी यंत्राविना, मग हवा चालू करून. झोपायची वेळ आली तेव्हा चेहऱ्याला तो ओळखीचा झाला होता. बऱ्याच यंत्रांत हवा हळूहळू वाढवायची सोय असते, ती लावून मागा. सकाळी तोंड कोरडं पडत असेल, नाक चोंदत असेल, तर तेही सांगा. पण दाब आपल्या मनाने बदलू नका.

तीन गोष्टींत सावध राहा. काही मास्कच्या क्लिपांत लोहचुंबक असतं. मास्क लावणाऱ्याला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल, तर घेण्याआधीच डॉक्टरांना सांगा. वीज गेली की मास्क काढून ठेवा. भारनियमन नेहमीचं असेल, तर इन्व्हर्टरविषयी विचारून घ्या. आणि ज्यांना स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही, त्यांना तोंड झाकणारा मास्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

घरच्यांनाही दोन शब्द. मास्क लावलेल्या बाईला "हत्तीची सोंड" म्हणून हसू नका. सकाळी उठल्यावर तिला विचारा, कुठे टोचलं, हवा कुठून सुटली. तिचं उत्तर एका कागदावर लिहा. पाच-सात रात्रींचा असा कागद आणि मास्क, दोन्ही घेऊन दवाखान्यात जा. "सोसत नाही" एवढंच ऐकून डॉक्टरांना फार काही करता येत नाही. "डाव्या कुशीवर वळलं की डोळ्यात हवा जाते" असं सांगितलंत, तर उपाय सापडतो.

पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.