धाकट्याची जबाबदारी, थोरल्याची घडण



‘नेतृत्वविकास’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन दिवसांचे शिबिर, त्यात दोन भाषणे, चार खेळ आणि शेवटी एक रंगीत प्रमाणपत्र, एवढ्या सामग्रीवर नेते घडविण्याची हमी देणाऱ्या जाहिराती शहरोशहरी झळकतात. पालकही मोठ्या आशेने शुल्क भरतात. परंतु पी हळद अन् हो गोरी, असे येथे होत नाही. दुसऱ्या कोणाची तरी जबाबदारी अंगावर पडावी, ती दीर्घकाळ निभवावी लागावी आणि त्या निभावण्यातून जे अंगी बाणेल, त्याला नेतृत्व म्हणावे. शालेय वयात अशी जबाबदारी देण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे थोड्या मोठ्या मुलाच्या हाती थोडे लहान मूल सोपविणे. आणि त्यासाठी सर्वांत सोयीची वेळ म्हणजे शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा काळ.

या पद्धतीला आज इंग्रजी नावे मिळाली असली, तरी तिची एक ठळक पाऊलवाट थेट मद्रासपर्यंत जाते. १७८९ साली मद्रासच्या एग्मोर भागात युरोपीय सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रमशाळा सुरू झाली. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक तिचा अधीक्षक होता. एके दिवशी फिरायला गेला असता त्याला तेथील एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत होती. आपल्याकडच्या धूळपाटीचेच ते भावंड. बेलने आपल्या शाळेत हा प्रयोग करायचे ठरविले, पण तेथील पगारी शिक्षकांनी तो मनावर घेतला नाही. तेव्हा त्याने जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे मुळाक्षरांचा वर्ग सोपविला. शिक्षकांना जे अशक्य वाटत होते, ते त्या मुलाने करून दाखविले. १७९६ मध्ये बेल मायदेशी परतला आणि १७९७ साली त्याने या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे तो इंग्लंडमध्ये ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजला. बेलच्या देणगीतून स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज गावी उभी राहिलेली शाळा आजही ‘मद्रास कॉलेज’ याच नावाने ओळखली जाते.

या पद्धतीचे मूळ भारतीय असल्याची साक्ष इंग्रज अधिकाऱ्याच्या लेखणीतूनच मिळते. बेल्लारीचा जिल्हाधिकारी ए. डी. कॅम्पबेल याने १८२३ च्या अहवालात देशी शाळांच्या अनेक उणिवा दाखविल्या. मात्र पुढे गेलेले विद्यार्थी मागच्यांना शिकवितात आणि त्यातून त्यांचे स्वतःचे ज्ञानही पक्के होते, या रीतीची त्याने मोकळेपणाने प्रशंसा केली. इंग्लंडने तिचे अनुकरण केले ते योग्यच झाले, असेही त्याने नमूद केले. धर्मपाल यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द ब्यूटिफुल ट्री’ या ग्रंथात हे अहवाल सामान्य वाचकांपुढे आले.

अभिमानाचा हा भाग सांगून थांबणे मात्र अर्धवट ठरेल. या पद्धतीचे पुढे इंग्लंडमध्ये काय झाले, हे अधिक बोधप्रद आहे. जोसेफ लँकेस्टर याने १७९८ साली लंडनच्या साउथवर्क भागात शाळा काढली आणि हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबविली. शेकडो मुले, एकच शिक्षक आणि बाकी सारा कारभार मॉनिटरांच्या हाती! खर्च अत्यल्प, म्हणून देशोदेशी त्याची वाहवा झाली. परंतु मॉनिटराचे काम हळूहळू घोकून घेणे, हजेरी मांडणे आणि चुकणाऱ्याचे नाव वर कळविणे एवढेच उरले. अपराधी मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकविणे, त्याला टोपलीत बसवून छताला टांगणे, अशा शिक्षा तेथे होत्या. थोरला मुलगा धाकट्याचा पाठीराखा राहिला नाही, त्याचा मुकादम झाला. अखेरीस १८४६ पासून इंग्लंडने वेतन घेऊन शिकता शिकता शिकविणाऱ्या प्रशिक्षणार्थी शिक्षकांची वेगळी व्यवस्था स्वीकारली आणि मॉनिटरांची पद्धत मागे पडली.

पद्धत तीच होती, मग बिघडले काय? दोन गोष्टी बिघडल्या. गट अवाढव्य झाला आणि थोरल्याच्या हाती धाकट्याच्या काळजीऐवजी केवळ अधिकार आला. आजही वर्गातील मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहितो, तेव्हा लँकेस्टरची सावलीच तेथे वावरत असते. त्या मुलाला नेतृत्वाचा नव्हे, पहारेकऱ्याचा अनुभव मिळतो.

या दोन्ही चुका टाळणारा प्रयोग १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर झाला. बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुले तेथे नेली. त्यांत श्रीमंतांची होती तशी कष्टकऱ्यांचीही होती. त्यांचे चार गट केले आणि प्रत्येक गटाचा नायक मुलांमधलाच नेमला. तंबू, शिस्त, सहकाऱ्यांची देखभाल हे सारे त्या नायकावर. त्यातूनच स्काउट चळवळीची सहा-आठ मुलांची ‘पेट्रोल’ पद्धत आकाराला आली. भारतात ही चळवळ आली तेव्हा भारतीय मुलांना तिची दारे बंद होती. त्या भेदाला उत्तर म्हणून १९१८ साली पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समिती स्काउट संघटना उभारली. नेतृत्वाचे शिक्षण आपल्या मुलांना नाकारले जाणे म्हणजे काय, हे त्या पिढीने ओळखले होते. पुढे निरनिराळ्या संघटनांचे एकीकरण होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ अस्तित्वात आली.

महाराष्ट्रात पाहायचे तर पुण्याची ज्ञान प्रबोधिनी डोळ्यांसमोर येते. डॉ. विनायक विश्वनाथ उर्फ आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली तिची स्थापना केली. प्रशाला सुरू झाली ती १९६९ मध्ये. तोवरच्या वर्षांत पुण्यातील निरनिराळ्या शाळांचे निवडक विद्यार्थी आपापली शाळा सांभाळून तेथे येत. म्हणजे शाळेबाहेरचा वेळ हाच या संस्थेचा पहिला वर्ग होता. तिच्या युवक आणि युवती विभागांत पुढे महाविद्यालयीन तरुण-तरुणी शालेय मुलामुलींची दले चालवू लागले. मैदानावरचा खेळ, सहल, अभ्यास यांतून जो आज धाकटा आहे, तोच काही वर्षांनी दादा होतो. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीतील ढोल-ताशा पथकांची परंपरा रुजविण्यातही या संस्थेच्या शालेय पथकाचा वाटा आहे. तालमीत जुना वादक नव्याच्या शेजारी उभा राहून त्याचा हात बसवून घेतो. पुस्तकी व्याख्येशिवाय तेथे नेतृत्वाचे शिक्षण चालू असते.

शिक्षणशास्त्राचा अनुभवही हेच सांगतो. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या ६५ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास अमेरिकेत १९८२ साली प्रसिद्ध झाला. शिकणाऱ्यांबरोबर शिकविणाऱ्यांनाही विषयाच्या आकलनात लाभ होतो आणि त्या विषयाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी सुधारते, असे त्यात आढळले. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही, प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्याने विद्यार्थ्यास शिकविण्याचा पुरस्कार केला आहे.

मग अडते कोठे? अडते ते वेळेपाशी आणि मोठ्यांच्या मनापाशी. शाळा सुटली की शिकवणी, शिकवणी संपली की दुसरा क्लास, आणि उरलेला वेळ मोबाइलचा, असा मध्यमवर्गीय मुलांचा दिवस झाला आहे. सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना कोचिंग वर्गांत प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारला जानेवारी २०२४ मध्ये काढावी लागली, यावरून दुखणे किती खोल गेले आहे ते कळते. आठवीतल्या मुलाने पाचवीतल्या मुलाला अपूर्णांक समजावून देण्यात एक तास घालविला, तर पालकांना तो तास वाया गेल्यासारखा वाटतो. वस्तुतः त्या तासात आठवीतल्या मुलाचे अपूर्णांक पक्के झाले. समोरच्याला का कळत नाही हे शोधण्याची सवय त्याला लागली. न चिडता तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगणे त्याला जमले. पुढे कार्यालय असो, कारखाना असो वा ग्रामपंचायत, माणसे सांभाळताना हीच शिदोरी उपयोगी पडते.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे. मोठ्या माणसांना मागे सरता येत नाही. मुलांनी आखलेला कार्यक्रम फसणार असे दिसले, की ती चटकन पुढे होऊन सारे हाती घेतात. कार्यक्रम चांगला होतो, पण मूल होते तेथेच राहते. मागे सरणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे. जबाबदार कार्यकर्ता किंवा शिक्षक त्या ठिकाणी सदैव उपस्थित असलाच पाहिजे. दांडगाई, चेष्टा वा त्याहून गंभीर प्रकार यांवर त्याची नजर हवी आणि धाकट्या मुलाला आपली तक्रार निर्भयपणे थेट त्याच्यापर्यंत नेता आली पाहिजे. मात्र खेळ कोणता, गोष्ट कोणती, सहल कोठे, हा निर्णय मुलांचाच असावा.

अशी सुरुवात करण्यास मोठी वास्तू किंवा निधी लागत नाही. सोसायटीची गच्ची, देवळाचा सभामंडप, शाळेचे रिकामे मैदान पुरेसे आहे. एका थोरल्याकडे पाच-सहा धाकटे, त्याहून अधिक नकोत. वयात दोन-तीन वर्षांचे अंतर असावे. आठवड्यातून एकदा थोरल्यांची बैठक व्हावी आणि त्यात प्रत्येकाने आपल्या गटातील मुलांविषयी सांगावे: कोण दोन दिवस आला नाही, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोण अलीकडे गप्प गप्प असतो. काही महिन्यांनी नायक बदलावा, म्हणजे बुजऱ्या मुलालाही संधी मिळेल. मुलींकडे केवळ रांगोळी आणि स्वागतगीत न देता पूर्ण गट सोपवावा. वस्तीतल्या मुलांचा गट वेगळा न करता त्यांना याच गटांत सामावून घ्यावे आणि त्यांच्यातलाही नायक व्हावा.

सहा महिन्यांनी या उपक्रमाचे मूल्यमापन करताना बक्षिसे आणि गुण मोजू नयेत. गटातला एखादा मुलगा संध्याकाळी आला नाही, तर कोणी न सांगता थोरला त्याच्या घरी चौकशीला जातो का, एवढे पाहावे. तो जाऊ लागला, की उपक्रम रुजला असे खुशाल समजावे.